उरलेला भंडारा

वाऱ्याला कुणी परवाना विचारत नाही. तो आपला येतो आणि जातो. खडकलवाडीच्या अनुजा काळेलने मात्र वाऱ्याची झडती घेणारं यंत्र बनवलं, आणि तेव्हापासून गावाचे दिवस फिरले.

यंत्र दिसायला अगदी गरीब. माणसाच्या खांद्याएवढा खांब आणि त्याच्या डोक्यावर पत्र्याची टोपी. तो हवा ओढायचा, हवेतली धूळ एका ओल्या फितीवर धरायचा आणि त्या धुळीतला एकेक परागकण फोडून त्याच्या आतला वंश वाचायचा. कण गांजाच्या झाडाचा आहे एवढंच नव्हे, तर कुठल्या वाणाचा आणि साधारण कुठल्या शिवारातून आलाय, हेही सांगायचा. विद्यापीठाने त्याला लांबलचक नाव दिलं होतं. गावाने त्याला 'नाक' म्हटलं आणि तेच चिकटलं.

नाक कशाला हवं होतं हे कळायला या झाडाची एक खोड कळायला हवी. गांजात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. औषधाची राळ धरते ती मादीच्या फुलात, आणि तीही मादी कोरी असेपर्यंतच. वाऱ्यावर आलेला नराचा पराग एकदा बसला की ती बी धरायला लागते, राळ आटते आणि फूल औषधाच्या कामातून जातं. म्हणून शेतकरी रोज सकाळी रानात फिरतो, नर हेरतो आणि तो फुलायच्या आत उपटून टाकतो. पण सगळेच नर उपटले तर पुढच्या साली पेरायचं काय? औषध हवं तर नर नको, बी हवं तर नर हवा. खडकलवाडीची माणसं या कात्रीत दोन पिढ्या काढत आली होती. आधी चोरून, मक्याच्या आडोशाला. मग सरकारने औषधासाठी लागवड मोकळी केली, तेव्हा उजळ माथ्याने. मक्यात चार झाडं लावली म्हणून ज्या मायाप्पा काळेलांनी एकेकाळी तालुक्याची कोठडी पाहिली होती, त्यांनाच तालुक्याच्या साहेबाने फेटा बांधून परवाना दिला. अनुजा तेव्हा शाळेत होती. बापाचा तो फोटो अजून तिच्या फोनमध्ये होता.

सुखाची वर्षं थोडीच गेली. खालच्या खोऱ्यात एका बड्या कारखान्याने कापडासाठी आणि विटांसाठी उंच भांगेची शेतंच्या शेतं लावली. त्यांना राळेशी देणंघेणं नव्हतं, त्यामुळे नर उपटायचं कारण नव्हतं. खोऱ्यातला वारा चढून पठारावर आला की पवनचक्क्यांची पाती फिरायची आणि खडकलवाडीची फुलं बियांनी भरायची. कारखानदार म्हणायचे, वारा काय आमच्या मालकीचा आहे? त्यावर उत्तर म्हणून अनुजाने नाक बनवलं. यंत्राने हवेतल्या परागाचं मूळ गाव दाखवलं, खटला उभा राहिला आणि कारखान्याने खोरं सोडलं. वाचनात कुणी फेरफार करू नये, कुणी साहेब फोडू नये, म्हणून अनुजाने यंत्राला एक सोय हट्टाने करून घेतली होती. वाचन झालं की ते तत्क्षणी जिल्हा कार्यालयात पोचायचं. मागे घ्यायची तजवीजच नव्हती. त्या वर्षी यात्रेत गावाने तिला बैलगाडीत बसवून मिरवलं.

पण करायला गेली गणपती आणि झाला मारुती. नाकाच्या भरवशावर सरकारने पठार 'परागमुक्त क्षेत्र' जाहीर केलं. हवेत पराग सोडील तो गुन्हेगार, मग तो कुणीही असो. कायदा सगळ्यांना सारखा होता. पुढच्याच वर्षी पठाराच्या दुसऱ्या टोकाला काचघरवाली कंपनी आली. तिच्याकडे सगळ्या माद्याच. एका झाडाच्या फांद्या तोडून लाखो रोपं करायची, बियांचा संबंध नाही आणि नराचाही नाही. तेव्हा पराग उरला कुणाकडे, तर बी धरणाऱ्या खडकलवाडीकडे. कंपनीने गावाला सांगितलं, आमची रोपं घ्या, दर साली घ्या. लोकांनी घेतली. ती काचेतली लाडावलेली रोपं मुरमावर आणि कोरड्या वाऱ्यात आठवडाभरात माना टाकायची. आगीतून फुफाट्यात पडलेली माणसं मग एकेक करून परवाने सोडत गेली आणि काचघरात फुलं छाटायला लागली. अनुजाची पारूकाकी त्यांतलीच. "सावलीतली मजुरी हाय बाय," ती म्हणायची, "पर मजुरीच."

कंपनीने विद्यापीठाकडून नाकाचे हक्क घेतले आणि अनुजाला हवासुरक्षेची प्रमुख म्हणून नेमलं. आत राहिलं तर गावाच्या उपयोगी पडू, असं तिने स्वतःला सांगितलं. ती मनापासून तसं मानत होती, हेच वाईट.

भाद्रपद सरत आला तेव्हा ती वडिलांकडे गेली. जुनं बी लावणारी चार-सहाच घरं उरली होती आणि एकही नर दिसता कामा नये, अशी ताकीद त्यांना द्यायची होती. मायाप्पा बिरोबाचे पुजारी. ते देवळाच्या पायरीवर घोंगडी टाकून बसले होते.

"आलीस व्हय? नाक कुठं ठिवलंस?" त्यांनी विचारलं. त्यांचा हा ठरलेला विनोद होता.

"आबा, यंदा कुणी नर राखलाय का? मला खरं सांगा."

मायाप्पांनी घोंगडीवर सरकून तिला जागा दिली. मग म्हणाले, "गेली दोन सालं भिऊन समद्यांनी नर उपाटलं. बी न्हाय धरलं. आता जे हाय ते तीन उन्हाळं खाल्ल्यालं. निम्मं उगावलंच न्हाय. यंदा बी न्हाय धरलं, तर आपलं तांबडं झाड संपलं बघ."

तिला हे कळत होतं. या बियाला कवच पातळ, आणि पठारावरच्या उन्हात त्यातला जीव दोन-तीन वर्षांत जातो. तांबड्या पेराचं ते झाड मुरमात, नुसत्या दवावर जगायचं. तसं दुसरं कुठे नव्हतं. ते गेलं तर या माळावर पुन्हा कुणाला स्वतःचं म्हणून काही लावता येणार नव्हतं.

"आत ये," मायाप्पा उठत म्हणाले. "पर फुंकर मारू नगंस."

गाभाऱ्याला खिडकी नव्हती. समईच्या उजेडात देवाशेजारी एक तांब्या होता आणि त्यात नराच्या कापलेल्या फांद्या उभ्या होत्या. झाड उपटलं होतं, पण त्याआधी कळ्यांच्या फांद्या पाण्यात ठेवल्या होत्या. त्या इथेच उमलत होत्या. खाली पांढरं धोतर पसरलेलं, त्यावर फिकट पिवळी भुकटी. मायाप्पांनी ती कोंबडीच्या पिसाने गोळा केली आणि पितळेच्या डबीतल्या भंडाऱ्यात, देवाच्या हळदीत, मिसळली.

"यात्रेच्या सकाळी निवडल्याल्या झाडांस्नी भंडारा लावायचा. एका झाडाची एकच फांदी. बोटानं. बाकीची फुलं कोरी ऱ्हात्यात."

अनुजा बघतच राहिली. लहानपणी ती आजोबांमागून रानात फिरायची आणि ते झाडांना भंडारा लावायचे तेव्हा तिला वाटायचं ही पूजा आहे. पूजा होतीच. पण कोरड्या हळदीत पराग आठवड्यांमागून आठवडे जिवंत राहतो, वाऱ्यावर जात नाही आणि नेमका हवा तिथेच लागतो, हे तिने प्रयोगशाळेत इतकी वर्षं घालवून कधी मनात आणलं नव्हतं. ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आबा, याचा वास माझ्या नाकालासुद्धा लागायचा नाही."

"मग? सांगणार हाईस का?"

"नाही," ती म्हणाली. "दाराला ओलं फडकं लावा फक्त."

परत जाताना तिने अहवाल लिहिला की गावात नर आढळला नाही. तिला त्या रात्री छान झोप लागली.

दसऱ्यानंतर यात्रा आली. ढोल, कैताळाच्या झांजा, धनगरांचा गजी नाच, आणि वर सगळं आभाळ पिवळं. माणसं मुठी भरभरून भंडारा उधळत होती. अनुजाच्या साडीवर, मानेवर, पापण्यांवर हळद होती. निघताना ती देवळाच्या उंबऱ्यावर डोकं टेकायला वाकली. मागून आबांनी तिच्या डोक्यावर भंडारा टाकला, केसांत बोटांनी मुरवला आणि म्हणाले, "सुखात ऱ्हा."

तिला त्यात वेगळं काही वाटलं नाही. एवढ्या हळदीत आणखी एक मूठ. पण आबांच्या हातात पितळेची डबी होती. सकाळी झाडं उरकली होती आणि तळाशी थोडा भंडारा उरला होता. तो उधळायचा नसतो, सांडायचा नसतो. झाडाला लावून उरलेला भंडारा घरच्या लेकीच्या डोक्यावर टाकायचा, ही काळेलांच्या घराची रीत. आजोबांनी तो आत्याच्या डोक्यावर टाकला होता. गेली काही वर्षं अनुजा यात्रेला आली नव्हती म्हणून रीत अडून राहिली होती. यंदा लेक आली, तिने गावाचं बी राखलं, मग सगळ्यात पवित्र ते तिला द्यायचं नाही तर कुणाला?

वाटेतच काचघरातून फोन आला. एका दालनाचा हवेचा पंखा बंद पडला होता, आत उकडायला लागलं होतं, आणि दुसरा माहीतगार तंत्रज्ञ रजेवर होता. अनुजा तडक तिथे गेली. तिने साडी बदलली, हातपाय धुतले, हवेच्या झोताखाली उभी राहिली, अंगभर पांढरा पोशाख चढवला. नियमाप्रमाणे डोक्यावरून न्हायला हवं होतं. न्हाणीघराच्या दारात ती क्षणभर थबकली. यात्रेचा भंडारा त्या दिवशी धुवायचा नसतो. आईने जन्मभर ते पाळलं होतं. 'हळदच तर आहे,' असं म्हणून तिने टोपी घट्ट ओढली आणि आत गेली.

पंखा दुरुस्त करायला त्या दालनाची वीज तोडावी लागली. विजेबरोबर तिथलं नाकही बंद झालं, आणि एकदा बंद पडलं की ते पुन्हा कामाला लागायला तासभर जायचा. पंख्याच्या हवेच्या नळकांड्यात डोकं घालायला टोपी आडवी येत होती, ती तिने काढली. तार जुळवली आणि बाहेर ओरडून सांगितलं, "सोडा वीज." पंखा फिरला. तिच्या केसांतून वारा आरपार गेला आणि थंडगार, बरं वाटलं. समोर दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाखभर कोरी फुलं उभी होती.

तीन आठवड्यांनी पारूकाकीने छाटता छाटता एक फूल चिमटीत दाबलं आणि आत टणक लागलं. तिने दुसरं दाबलं. मग कात्री खाली ठेवून ती अनुजाला शोधत आली.

"पोरी, ह्यात बी हाय."

सगळं दालन बियांनी भरलं होतं. अनुजाने नळकांड्यातल्या गाळणीवरची धूळ नाकाला दिली. वाचन यायला चहा गार व्हायचाही वेळ लागला नाही. तिच्या शेजारी तळवलकर मॅडम उभ्या होत्या. काचघराच्या त्या व्यवस्थापक, बोलायला सौम्य. पडद्यावर वंश आला: खडकलवाडी, तांबड्या पेराचा जुना वाण. त्याखाली, धुळीत आणखी काय मिसळलंय, त्याची एक ओळ आली.

"हळद?" मॅडम म्हणाल्या. "हळद कुठून आली इथे?"

अनुजाचा हात आपोआप केसांकडे गेला. त्या क्षणी तिला डबी आठवली, आबांची बोटं आठवली, आणि सगळं लख्ख कळलं. वाचन एव्हाना जिल्ह्याला पोचलं होतं. ते थांबवता येत नव्हतं. ती सोय तिनेच करून ठेवली होती.

"हे बघ, अनुजा," मॅडम हळूच म्हणाल्या, "वाऱ्याने आलं असंही म्हणता येईल. मग चौकशी गावाची होईल, तुझी नाही."

"नाही मॅडम. मी आणलं. माझ्या डोक्यातून आलं. गावाने हवेत एक कणही सोडलेला नाही."

आणि ते पटवून देण्यासाठी तिने जिल्ह्याच्या साहेबापुढे जबाब दिला. मन लावून, एखादा शोधनिबंध वाचावा तसा. पराग गाभाऱ्यात कसा धरतात, हळदीत कसा राखतात, एका झाडाच्या एकाच फांदीला बोटाने कसा लावतात. यात वारा दूषित होत नाही, उलट ही पद्धत कंपनीपेक्षा सुरक्षित आहे, असं तिने छातीठोकपणे सांगितलं. तिला वाटलं, एवढी सुंदर गोष्ट ऐकल्यावर कुणाचंही मन वळेल. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "म्हणजे नर आहे. नर म्हणजे परागच, कायद्याला तेवढं पुरे. ताई, ज्या फांदीला बी आहे तिला हळद लागलेली असते, असं म्हणालात ना?"

पथक दुसऱ्या दिवशी सकाळी गेलं. त्यांना झाडांतलं काही कळत नव्हतं आणि कळायची गरजही नव्हती. पिवळी फांदी दिसली की झाड उपटायचं. बी न धरताच वाळून जाणारी कोरी झाडं त्यांनी तशीच ठेवली, त्याबाबतीत ती माणसं प्रामाणिक होती. अनुजा धावत पोचली तेव्हा देवळासमोर ढीग पेटला होता. तिने ढिगातून एक फांदी ओढली, फूल चोळलं. बी पांढरं होतं, दुधाळ. आणखी दोन आठवडे मिळाले असते तर पिकलं असतं. या बियाचा कोंब येणार नव्हता.

मायाप्पा पायरीवर बसले होते. ती त्यांच्यापुढे बसली आणि रडत रडत तिने सगळं सांगितलं.

"भंडारा म्या टाकला," ते म्हणाले. "तू कशापायी रडतीस? तुला काय ठावं हुतं?"

धुराने त्यांचे डोळे लाल झाले होते. मग त्यांनी विचारलं, "पर फांदीचं कशाला सांगितलंस गं?"

तिने हातातली फांदी पायरीवर ठेवली.

काचघरात परतली तेव्हा ते दालनही जाळतील, असं ती धरून चालली होती. नोकरी गेलीच आहे असं समजून तिने कपाट रिकामं करायला घेतलं. तळवलकर मॅडम दारात आल्या.

"कुठे निघालीस? त्या दालनातलं बी पिकू द्यायचंय. एकही दाणा वाया जाता कामा नये."

"पण ते..."

"अनुजा, दवावर जगणारं झाड. आमची माणसं किती वर्षं असा वाण शोधत होती. गावाने तो कधी दिला नसता, आणि आम्हाला मागायलाही तोंड नव्हतं. आता आमच्या छपराखाली, आमच्या झाडाला धरलेलं बी आहे. कायद्याने ते आमचंच." मॅडमच्या आवाजात विजय नव्हता, थोडी लाजच होती. "तुझ्यावर कारवाई होणार नाही. उलट हा वाण तुझ्याइतका ओळखणारं दुसरं कोण आहे इथे?"

तिने तडक राजीनामा द्यायला हवा होता. वाचणाऱ्याला तसं वाटेल आणि तिलाही वाटलं होतं. पण त्या बियांत निम्मं तरी तांबडं झाड होतं, आणि जगात ते आता दुसरीकडे कुठेच नव्हतं. आपण गेलो तर त्याच्याकडे लेकरासारखं बघणारं इथे कुणी उरणार नाही, या विचाराने ती थांबली. हवाबंद दालनात तिने पेरलं, निवडलं, पुन्हा पेरलं. काचघरात वर्षाला चार पिकं निघतात. दोन वर्षांत मुरमावर तग धरणारी मादी हाती आली. कंपनीने तिच्या फांद्यांपासून रोपं केली आणि तिचं नाव ठेवलं 'पठारराणी'.

त्यानंतरच्या पावसाळ्यात रोपांचे ट्रे घेऊन अनुजाच खडकलवाडीला गेली. करार साधा होता. रोप कंपनीचं, फांदी तोडून नवं रोप करायचं नाही, बी धरायचं नाही, पुढच्या साली पुन्हा घ्यायचं. गावाने अंगठे दिले, कारण ही रोपं जगतात हे सगळ्यांनी ऐकलं होतं. मायाप्पांना आता कमी दिसायचं. त्यांनी रोपाच्या खोडावरून बोट फिरवलं, पेरापाशी थांबले, रोप डोळ्यांजवळ नेलं.

"ह्ये तर आपलंच की गं."

"व्हय, आबा."

"नर कुठाय?"

"नर न्हाय. कंपनी बाहेर काढतच न्हाय."

त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून नव्हे, ऐकू आलं म्हणून. यात्रेच्या सकाळी ती पुन्हा आली तेव्हा झाडं कमरेला लागली होती आणि म्हातारा पितळेची डबी घेऊन सरीसरीने फिरत होता. एका झाडाची एकच फांदी, बोटाने. कुणी त्यांना अडवलं नाही. बांधावरचं नाकही गप्प होतं. सगळी झाडं उरकल्यावर ते तिच्याजवळ आले.

"डोकं खाली कर."

तिने मान वाकवली. त्यांनी उरलेला भंडारा तिच्या केसांत टाकला, बोटांनी मुरवला आणि म्हणाले, "सुखात ऱ्हा."

डबीत नुसती हळद होती. संध्याकाळी काचघरात जाण्याआधी ती नियमाप्रमाणे डोक्यावरून न्हाली.